किल्ल्यातले बारा जण आणि एक कायदा

नगरचा भुईकोट पाहायला आलेला माणूस बहुधा दोनच गोष्टी विचारतो: चांदबिबी कुठे लढली आणि नेहरूंची खोली कुठली. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. हुसेन निजामशहाने सोळाव्या शतकाच्या मध्याला उभारलेला हा दगडी तट १५९५-९६च्या वेढ्यात मोगलांनी सुरुंग लावून फोडला आणि चांदबिबीने भगदाड रातोरात बुजवून घेतले. १८०३ साली मात्र इंग्रज सेनापती वेलस्लीने काही दिवसांत किल्ला घेतला. तोफांपुढे तट असे निकामी झाले की किल्ल्याला दुसरे काम शोधावे लागते, आणि तुरुंगाइतके स्वस्त काम दुसरे नाही. खंदक तयार, दरवाजे मोजके, पहारा सोपा.

९ ऑगस्ट १९४२ला मुंबईत पकडलेले काँग्रेस कार्यकारिणीचे नेते इथे आणले गेले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव; एकूण बारा जण. नेहरूंनी इथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रे. आझादांच्या पत्नी १९४३ साली कलकत्त्यात वारल्या, तेव्हाही ते याच तटाआड होते. ही पुस्तके इतकी मोठी ठरली की कैदेची आठवण जवळजवळ गोड झाली. जणू सरकारने विद्वानांना निवांत लिहायला जागाच करून दिली!

त्या कोठडीत आरोपपत्र नव्हते, खटला नव्हता, सुटकेची तारीख नव्हती, हे मग विसरायला होते. सारे काही भारत संरक्षण नियमांच्या बळावर चालले होते. त्यांतला स्थानबद्धतेचा २६वा नियम फेडरल कोर्टाने १९४३ साली केशव तळपदे यांच्या खटल्यात बेकायदा ठरवला, तर सरकारने लगोलग वटहुकूम काढून कायद्यालाच ठिगळ लावले. चांदबिबीनंतर भगदाड इतक्या चपळाईने बुजवल्याचे दुसरे उदाहरण नगरने क्वचितच पाहिले असेल.

मला या किल्ल्याचा खरा वारसा नेहरूंच्या खोलीत दिसत नाही. तो खटल्याविना स्थानबद्धतेला वाव देणाऱ्या संविधानाच्या २२व्या कलमात दिसतो. प्रजासत्ताक महिन्याचे होते न होते तोच, फेब्रुवारी १९५०मध्ये, प्रतिबंधक स्थानबद्धतेचे विधेयक संसदेत आले. ते मांडणारे गृहमंत्री सरदार पटेल, पंतप्रधान नेहरू. दोघेही नगरचे कैदी. फाळणीनंतरचा काळ कठीण होता, तेलंगणात सशस्त्र लढा चालू होता, हे मान्य. पण खटल्याविना कैद म्हणजे काय, हे ज्यांना अंगावर सोसून ठाऊक होते त्यांनाही ते हत्यार टाकून देववले नाही. वर्षभरापुरता म्हणून केलेला तो कायदा मुदतवाढ घेत १९६९पर्यंत टिकला. १९७१ साली ‘मिसा’ हा अंतर्गत सुरक्षेचा कायदा आला आणि आणीबाणीत त्याने येरवडा तुरुंग भरून टाकला.

‘मिसा’ गेला, पण १९८०चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा आजही लागू आहे, आणि त्याखाली माणसाला खटल्याविना बारा महिन्यांपर्यंत डांबून ठेवता येते.