घोड्याला कोणी विचारले?

सज्जनहो, मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर १८८३ सालापासून घोडे धावत आले. शर्यत हा जुगार की कसब, याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिला : कसब. माणसांचा वाद मिटला. पण घोड्याला कोणी विचारले? हाडे पुरती भरली नसता, दुसऱ्या वर्षीच त्याला पळवायला लागतात. पाय मोडला की बहुधा त्याचा शेवटच करतात.

आता आपले रिंगण पाहा. तिथेही घोडा धावतो. माउलींच्या अश्वावर स्वार नाही, पैज नाही, हरणाराही कोणी नाही. म्हणून आपण निर्दोष झालो काय हो? टापांखालची माती कपाळी लावायला आपली झुंबड उडते. भाव आपला, भीती त्याची! शर्यतवाला त्याच्या पायांतून पैसा काढू पाहतो, आपण पुण्य.

नाथमहाराजांनी रामेश्वराला न्यायचे गंगाजल वाटेत तहानेल्या गाढवाला पाजले. त्यांना आधी तहान दिसली, देव तिथेच भेटला. रिंगणात माती जरूर घ्यावी; पण आधी घोड्याला मोकळी वाट द्यावी. तीही सेवाच होय.

रामकृष्णहरि!