झऱ्याचें ऋण

मनुष्याला जें सोसवत नाहीं तें कोणत्याच जीवाला सोसवणार नाहीं, असा एक जुना अहंकार आपल्या मनांत दडलेला असतो. वाफाळणारें कुंड पाहिलें कीं आपण त्यास निर्जीव म्हणून मोकळे होतों. अमेरिकेंतील यलोस्टोनच्या एका उष्ण झऱ्यांतून थॉमस ब्रॉक या अध्यापकानें व हडसन फ्रीझ या त्याच्या तरुण विद्यार्थ्यानें १९६६ सालीं एक जंतु वेगळा काढला; तो सत्तर अंश उष्णतेंत सुखानें वाढत होता. पुढें १९७२ सालीं ब्रॉक व त्याचे सहकारी यांनीं त्याहून विलक्षण जीवाची ओळख करून दिली. लिंबाच्या रसाइतक्या आंबट आणि कढत पाण्यांत तो राहतो, व गंधकावर निर्वाह करतो!

ज्वालामुखीची धग भूगर्भांत जागी असली म्हणजे गंधकयुक्त वायु वर येऊन त्याचें आम्ल बनतें. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाची आग सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच विझली; यास्तव आपल्याकडील ऊन पाण्याचीं कुंडें बहुधा आम्ल नव्हेत. आम्हां बीडकरांना असें कुंड पाहावयाचें तर नांदेड जिल्ह्यांतील उनकेश्वर गांठणें सोयीचें. शरभंग ऋषींच्या व्याधीसाठीं रामानें बाण मारून हें पाणी काढलें, अशी तेथील आख्यायिका. त्वचारोगानें गांजलेलीं माणसें श्रद्धेनें तेथें स्नानास येतात.

कांहीं महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसह आम्ही तेथें गेलों होतों. मुलें बाटल्या भरीत होतीं, उष्णतामापकाचे आंकडे वहींत टिपीत होतीं. स्नानास आलेल्या एका म्हातारीनें विचारलें, “पाणी कशाला नेता रं पोरांनो?”

“तपासायला, आजी.”

“मंग काय निघालं ते सांगाया परत येताल का?”

मुलें हंसलीं. आम्हांला मात्र हंसूं आलें नाहीं. कारण यलोस्टोनची पुढची हकीकत आम्हांस ठाऊक होती. आनुवंशिक द्रव्याच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची युक्ति कॅरी मुलिस यास १९८३ सालीं सुचली. तिला उकळीच्या जवळ जाऊनही न बिघडणारें विकर हवें होतें; तें त्या पहिल्या जंतूच्या अंगीं मिळालें. १९९१ सालीं त्या युक्तीचे हक्क तीस कोटी डॉलरांना विकले गेले. १९९३ सालीं मुलिस यास नोबेल पारितोषिक लाभलें. २०२० च्या महामारींत आपल्या नाकांतून घेतलेल्या नमुन्यांची पारखही याच जातीच्या रीतीनें झाली. ज्या उद्यानानें तो झरा राखला, त्याच्या पदरीं मात्र त्या तीस कोटींतला एक डॉलरही पडला नाहीं.

यांत चोरी कोणाची? ब्रॉकनें तर जंतु सार्वजनिक संग्रहांत ठेवला होता. जो मागेल त्यास तो मिळावा, हाच हेतु. कोणी म्हणेल, झरा कोणाच्याच मालकीचा नाहीं. खरें आहे, जंतूंना विचारलें तर ते भक्त आणि शास्त्रज्ञ दोघांनाही उपरे ठरवतील. आमच्या मतें ही चोरी नव्हे, कृतघ्नता होय. आणि कृतघ्नतेवर खटला भरतां येत नाहीं. आपल्या २००२ च्या जैवविविधता कायद्यानें स्थानिक लोकांना लाभाचा वांटा देण्याचें तत्त्व मान्य केलें, हें उत्तमच. परंतु वांटा निघतो तो नफा झाल्यावर, आणि विद्यार्थ्यांच्या बहुतेक बाटल्यांतून नफा कधींच निघत नाहीं. शिवाय त्या म्हातारीनें पैसा मागितलाच कोठें होता?

मुलांनीं दोन महिन्यांनीं टिपण आणून दाखविलें. त्यांत आजीला कळेल असें एकही वाक्य नव्हतें. तें आम्हीं परत दिलें. दुसरें टिपण एका पानाचें झालें, आणि त्याला मुलांना पहिल्यापेक्षां अधिक दिवस लागले. तें घेऊन दोघे जण उनकेश्वरास गेले. म्हातारी भेटली नाहीं; तिचें नांवही कोणी विचारून ठेवलें नव्हतें. कुंडाजवळच्या नारळवाल्यानें कागद वाचून घेतला आणि विचारलें, “मग हे जीव आमच्या अंगाला चांगले कीं वाईट?”

तेवढें मुलांनीं तपासलें नव्हतें.