साठा आणि साठेबाजी

पवित्र कुरआनातील सूरह यूसुफमध्ये हजरत यूसुफ (अ.) सुकाळाच्या सात वर्षांतील धान्य दुष्काळासाठी कणसातच राखून ठेवण्यास सांगतात. दुसरीकडे, माल दडवून ठेवणाऱ्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दोषी ठरविले आहे. साठा दोन्हीकडे आहे. भेद हेतूचा आहे. एक साठा टंचाईत वाटण्यासाठी असतो, दुसरा टंचाईत विकण्यासाठी.

मार्च २०२० मध्ये मास्क आणि सॅनिटायझर बाजारातून दिसेनासे झाले. १३ मार्च रोजी केंद्र शासनाला त्यांचा समावेश जीवनावश्यक वस्तूंमध्ये करावा लागला. शासनाची कोठारे आधीच भरलेली असती, तर साठेबाजाच्या मालाला एवढा भाव आला नसता.

साठा कोठे असावा, हे मात्र आपल्या भागाला पाण्याने शिकविले. २२ जुलै २०२१ रोजी महाड सावित्री व गांधारीच्या पुरात बुडाले. तळीये येथे दरडीखाली ऐंशीहून अधिक जीव गेले; पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या. रस्ते बंद पडल्याने बाहेरची मदत वेळेत पोहोचू शकली नाही. पूर ओसरल्यावर घरोघरी चिखल उरतो. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशा दूषित पाण्यातून पायाच्या जखमेवाटे शरीरात शिरतात. तेव्हा गमबूट आणि हातमोजे औषधाइतकेच मोलाचे ठरतात. ते दूरच्या गोदामात असून काय उपयोग? ते तालुक्यातच, पूररेषेच्या वर हवेत.

कोणी विचारील, संकट आलेच नाही आणि मास्कची मुदत संपली, तर तो इसराफ नव्हे काय? रात्री चोर आला नाही म्हणून पहारेकऱ्याचे वेतन वाया गेले, असे आपण म्हणत नाही. परंतु कोणी न पाहिल्यामुळे साठा कुजला, तर ती अमानतीतील खयानत होय. मुदत संपण्यापूर्वी जुना माल रुग्णालयांना व सफाई कामगारांना द्यावा आणि त्याजागी नवा भरावा. कोठाराची जबाबदारी मागताना हजरत यूसुफ (अ.) यांनी आपण राखणदार आणि जाणकार आहोत, असे सांगितले होते. नुसता प्रामाणिकपणा पुरत नाही, जाणही लागते.

तवक्कुल म्हणजे उंट मोकळा सोडणे नव्हे. कोठार शासनाचे असले, तरी त्यातील पैसा जनतेचा आहे. म्हणून पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत उभे राहून, "आपल्या तालुक्यात काय आणि किती ठेवले आहे?" असे विचारणे हेही आपले दीनी कर्तव्य आहे. त्या साठ्यातून वाचणारा जीव कोणत्या धर्माचा, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही.