आवाजाची वाट

स्वस्त वस्तू मुळात वाईट असतेच असे नाही. दीडदोनशे रुपयांत मिळणारे यूएसबी साउंड कार्ड उघडले की आत नखाएवढी काळी चिप दिसते. पुष्कळदा ती सी-मीडियाची सीएम108 असते, नाहीतर तिच्याच कुळातली. 16 बिटांत, सेकंदाला 48,000 नमुन्यांच्या गतीने ती आवाज घडवते. सीडीला याहून कमी पुरते. म्हणजे गाभा पुरेसा आहे. काटकसर झालेली असते ती त्याच्या भोवती. वीज आत येते तिथे, आणि आवाज बाहेर पडतो तिथे.

बुद्धी कमी पडली म्हणून मागे राहिलेली माणसे थोडी. पोषण गढूळ मिळाले, किंवा बाहेर पडायची वाट अरुंद निघाली, म्हणून गप्प राहिलेली पुष्कळ.

यूएसबीच्या तारेतून पाच व्होल्ट येतात. ते शुद्ध नसतात. संगणकाच्या आतली सगळी धावपळ त्यांच्यावर तरंग उमटवते. माउस हलवला की हेडफोनमध्ये बारीक चिरचिर येते, ती हीच. चिपच्या पायाशी वीज साठवून स्थिर ठेवणारा कपॅसिटर लागतो. स्वस्त बोर्डावर कधी कधी त्याची जागा नुसती छापलेली असते. पांढरे वर्तुळ, दोन भोके, आत काही नाही. ज्याने आराखडा काढला त्याला गरज ठाऊक होती. ज्याने हिशेब केला त्याने ती वगळली.

बहुतेक उणिवा अज्ञानातून येत नाहीत. ठाऊक असूनही त्या राहू दिलेल्या असतात.

बाहेरच्या वाटेवरचा कपॅसिटर अधिक बोलका आहे. तो डीसी अडवतो आणि आवाज जाऊ देतो. लहान असला तर खालचे स्वरही अडवतो. हिशेब साधा आहे. हेडफोन 32 ओहमचा आणि कपॅसिटर 47 मायक्रोफॅरडचा असेल, तर सुमारे 106 हर्ट्झच्या खाली आवाज ओसरत जातो. काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज 69 हर्ट्झच्या आसपास असतो. त्याचा जोर जवळपास निम्मा होतो. 220 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातला की तीच सीमा 23 हर्ट्झच्या खाली जाते आणि खर्ज जवळजवळ पुरा मिळतो. खर्च काही रुपयांचा.

खर्ज गेल्याचे मात्र कोणाच्या ध्यानात आलेले नसते. वरच्या उपस्वरांवरून कान तो आपणच जुळवून घेतो. नवा कपॅसिटर बसल्यावर आधी काय नव्हते ते कळते. अभाव कळायला आधी काही मिळावे लागते. जन्मभर अर्धे मिळालेल्याला अर्धेच पुरे वाटते, आणि लोक त्याला समाधानी म्हणतात.

उण्या साधनातून पुरे काढणे बेळगावला नवे नाही. तिथे पेटीची, म्हणजे हार्मोनियमची, परंपरा मोठी आहे. पेटी बाहेरून आलेली, ठरावीक स्वरांत अडकलेली. एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणारी मींड तिच्यात नाही, हा आक्षेप खराच होता. 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली. ती सैल व्हायला 1971 उजाडले. मधल्या काळात बेळगावात रामभाऊ विजापुरे पेटी वाजवत होते आणि शिकवत होते. आक्षेपाचे उत्तर वादाने दिले गेले नाही. ते बोटांनी आणि भात्याने दिले गेले. उणे वाद्य हाती आले म्हणून तक्रार करणारे आणि त्याच्यातून गाणे काढणारे, यांच्यात कौशल्याआधी प्रेमाचा फरक असतो.

पेटी सुरात लावणारा कारागीर पितळी पत्ती खरवडतो. टोकाला खरवडली की स्वर चढतो. मुळाशी खरवडली की उतरतो. गेलेले पितळ परत येत नाही. म्हणून कानस उचलण्याआधी तो तोच स्वर पुन्हा पुन्हा ऐकतो. शेजारच्या स्वराबरोबर ऐकतो, मग षड्जाबरोबर. हात चालतो तो क्षणभर.

कार्डाच्या बोर्डावरही हात असाच आवरावा लागतो. सोल्डरिंग आयर्न गरजेपेक्षा थोडे जास्त टेकले की तांब्याची पट्टी उचकटते. कमी टेकले तर ड्राय सोल्डर राहते. वरून टाका बसलेला दिसतो, आतून धरलेला नसतो. तो आज वाजतो, उद्या बंद पडतो, थपडेने पुन्हा सुरू होतो. पुरते तुटलेले सापडते. अर्धवट जुळलेले शोधण्यात दिवस जातात. घरांतही भांडून वेगळे झालेल्यांपेक्षा अर्धवट जुळून राहिलेल्यांचे दुःख शोधायला कठीण.

चार्जर लावलेला लॅपटॉप अ‍ॅम्प्लिफायरला जोडला की गुणगुण येते. चार्जर काढला की थांबते. ही गुणगुण कार्डाची नव्हे. लॅपटॉपला एका सॉकेटातून अर्थिंग मिळते, अ‍ॅम्प्लिफायरला दुसऱ्यातून. जमीन एकच, पण दोन ठिकाणी टेकलेली. त्या दोन टेकूंत किंचित फरक राहतो आणि तेवढ्यावर प्रवाह फिरत राहतो. अर्थिंगची पिन काढून टाकणे हा सोपा उपाय. त्याने गुणगुण जाते आणि जिवाला धोका येतो. नीट उपाय म्हणजे दोन्ही उपकरणे एकाच बोर्डावर आणणे.

सीमाभागातल्या बेळगाव-निपाणीच्या माणसाला हे वेगळे समजवावे लागत नाही. घरची भाषा एक, कचेरीची दुसरी. रेडिओचा काटा सरकवला की धारवाडचे कन्नड जाऊन सांगलीचे मराठी लागायचे. दोहोंतली एक पिन काढून शांतता आणू पाहणारे दोन्हीकडे आहेत. दोन्ही सांभाळून एका बाजारात वावरणारे त्याहून फार अधिक आहेत. त्यांचा आवाज मोठा नाही, इतकेच.

उण्यातून गाणे घेणारा आणखी एक याच भागातला. सुळेभावी हे गाव बेळगावजवळच. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी यांचा जन्म तिथला, 1924 चा. कुमार गंधर्व हे नाव त्यांना लहानपणीच मिळाले. त्या वयात ते ध्वनिमुद्रिका ऐकून थोरांची गायकी हुबेहूब गात. मिनिटाला 78 फेऱ्यांची तबकडी एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे वाजायची. तिच्यात खालचे स्वर क्षीण, वरचे कापलेले, आणि सुईची खरखर अखंड. त्या मुलाने तेवढ्यातून गाणे घेतले.

यावरून चांगल्या यंत्राची गरज नाही असे ठरत नाही. उणीव कान भरून काढतो, एवढेच ठरते. एकसारखी खरखरही तो बाजूला ठेवतो. गाण्याच्या अंगाला चिकटून वरखाली होणारी भेसळ मात्र त्याला वेगळी करता येत नाही.

स्वस्त कार्डाच्या माइकला अशी भेसळ करणारी एक सोय असते, ऑटो गेन. आवाज हळू झाला की ती वाढवते, मोठा झाला की दाबते. बोलण्यापुरते ठीक. पण गायक समेवर येऊन थांबतो, श्वास घेतो, आणि यंत्राला वाटते आवाज कमी पडला. ते वाढवत जाते. छतावरचा पंखा, टेपची सरसर, रस्त्यावरची बस, सगळे त्या विसाव्यात शिरते. पुढचा स्वर आला की सगळे एकदम खाली बसते. सेटिंगमधली एक खूण काढली की हे थांबते. त्याला सोल्डर लागत नाही, पैसा लागत नाही. गाण्यात मोकळी जागाही असते, हे ठाऊक असावे लागते.

समोरचा थांबला म्हणजे संपला, असे समजून बोलू लागणारी माणसे चांगल्या हेतूचीच असतात. त्यांच्यामुळे पुष्कळांचे शेवटचे वाक्य राहून जाते. कुमारांचे गाणेही क्षयामुळे काही वर्षे थांबले होते. माळव्यातल्या देवासला त्या काळात ते तिथली लोकगीते ऐकत राहिले. ती वर्षे रिकामी नव्हती. पुढच्या गाण्यात ती ऐकू येतात.

कार्डातला बदल पुरा झाला की करणाऱ्याला तो सुंदरच वाटतो. कान श्रम ऐकतो. दोन आवाजांतला किंचित मोठा तो चांगला वाटतो, आणि हे ठाऊक असलेल्यालाही वाटतो. म्हणून जाणकार जुने आणि सुधारलेले कार्ड सारख्या पातळीवर आणतात, पाठ फिरवून बसतात आणि जॅक बदलायला दुसऱ्याला सांगतात. कधी कधी फरक सांगता येत नाही. तेव्हा ते मान्य करायला लागणारे धैर्य टाका मारायच्या कौशल्याहून दुर्मिळ आहे. संस्था सुधारणारे, शाळा सुधारणारे, भाषा सुधारणारे, यांच्यापैकी फार थोडे असे पाठ फिरवून बसतात.

स्वस्त कार्डावर एवढा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. निपाणीच्या तंबाखू कामगार बायांवर युगांतर या स्त्रीवादी गटाने 1982 मध्ये माहितीपट केला. तो 16 मिलिमीटरच्या फिल्मवर होता. पुढे बर्लिनच्या आर्सेनाल संस्थेत त्याचे डिजिटल रूप झाले. त्या बायांचा आवाज टिकला, कारण कोणीतरी यंत्र घेऊन जवळ गेले होते, आणि पुढे कोणीतरी ते जपले.

बाकीचे आवाज घरांतच आहेत. भजनी मंडळाची रात्र, आजीच्या ओव्या, बारशाचा पाळणा, सगळे कॅसेटींवर. एखाद्या कॅसेटीवरचा आवाज कोणाचा, हे ओळखणारे घरात आता एकच माणूस उरलेले असते. कॅसेट कोणासाठी थांबत नाही, फीत सुकते, दाबगादी गळते. अशा कामाला महागडे यंत्र मिळेपर्यंत वाट पाहणे म्हणजे तो आवाज जाऊ देणे. स्वस्त कार्डाला माइकची वाट एकच असते, डावी-उजवी नसते. एका माइकवर भरलेल्या भजनाला एक पुरते. माइकच्या जॅकवर कार्ड आपणहून थोडा व्होल्टेज सोडते. तो कॅसेट प्लेअरकडे जाऊ नये म्हणून मध्ये एक कपॅसिटर लागतो, आणि आवाज फाटू नये म्हणून दोन रेझिस्टर. ऑटो गेन बंद ठेवावे लागते. प्लेअरचे हेड आधी स्पिरिटने पुसावे लागते. मग हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू किंचित फिरवत राहायचे असते, ओवीतला स आणि श वेगळे ऐकू येईपर्यंत.