वास्तू, स्मृती आणि साक्ष : भिडे वाड्याच्या निमित्ताने

पुण्याच्या बुधवार पेठेत, दगडूशेठ हलवाई गणपतीच्या मंदिरासमोर असलेला भिडे वाडा डिसेंबर 2023 मध्ये रात्रीच्या वेळी महापालिकेने पाडला, आणि तो पाडला गेला तो त्याच्याच गौरवासाठी. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1848 मध्ये तात्यासाहेब भिडे यांच्या या वाड्यात मुलींची शाळा सुरू केली होती. त्या घटनेचे राष्ट्रीय स्मारक त्याच जागी उभारता यावे म्हणून तेथील गाळेधारक आणि महापालिका यांच्यात वर्षानुवर्षे चाललेला वाद उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि तो 2023 मध्ये संपताच मोडकळीला आलेली वास्तू भुईसपाट झाली. स्मारकासाठी मूळ वास्तूच नाहीशी करावी लागणे यात प्रशासकीय अपरिहार्यता किती होती हा प्रश्न वेगळा ठेवला, तरी एक तात्त्विक प्रश्न मागे उरतो, आणि तो भारतीय दर्शनांना अपरिचित नाही: एखाद्या घटनेची आठवण नेमकी कोठे वसते, आणि तिच्याशी जोडलेली भौतिक वस्तू नष्ट झाली तर नेमके काय नष्ट होते?

पेठेच्या स्वतःच्या स्मरणात हा वाडा एकसंध नव्हता. तळमजल्यावरची दुकाने, त्यांच्या पाट्या आणि वरचा पडका भाग ही त्याची रोजची ओळख होती. मंदिरात दर्शनाला येणाऱ्या गर्दीपैकी अनेकांना समोर काय आहे याची कल्पनाही नसे. दुसरीकडे सावित्रीबाईंच्या जयंतीला, 3 जानेवारीला, आणि इतरही प्रसंगी कार्यकर्ते येथे जमत, त्याच भिंतींना अभिवादन करीत आणि वाड्याच्या दुरवस्थेबद्दल संताप व्यक्त करीत. एकाच वास्तूकडे पाहून एकाला दुकान आठवावे आणि दुसऱ्याला शाळा, याचा अर्थ आठवण भिंतीत साठवलेली नसते, एवढे तरी उघड आहे.

न्यायदर्शनाने ही गोष्ट बारकाईने मांडली आहे. त्याच्या मते अनुभवातून आत्म्यावर जो ठसा उमटतो, त्याला संस्कार म्हणतात, आणि केवळ त्या संस्कारातून उत्पन्न होणारे ज्ञान म्हणजे स्मृती. संस्कार सुप्त असतो. त्याला जागे करणारी काही गोष्ट लागते, तिला उद्बोधक अशी संज्ञा आहे. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात अशा उद्बोधकांची लांबलचक यादी येते आणि तीत अवधान, अभ्यास, चिन्ह, सादृश्य, आश्रय, सुख, दुःख, भय यांच्याबरोबर वियोगही आहे, म्हणजे वस्तू दुरावणे हेसुद्धा तिची आठवण जागी करण्याचे कारण ठरते. या चौकटीत वाडा हा स्मृतीचा धारक नसून उद्बोधक ठरतो, आणि मग तो पडल्यानंतरचा रिकामा भूखंडही काही काळ तेच काम करू शकतो. पाडकामाच्या बातमीनंतर ज्यांनी त्याचे नावही कधी घेतले नव्हते त्यांनाही तो एकाएकी आठवू लागला, हे या यादीला धरूनच झाले.

परंतु येथे एक अडचण आहे, आणि स्मारकांविषयी बोलणारे बहुतेक जण ती ओलांडून पुढे जातात. ज्याने अनुभव घेतला त्यालाच स्मृती होऊ शकते, कारण संस्कार त्याच्याच आत्म्यात असतो. 1848 मधल्या त्या वर्गाचा अनुभव घेतलेले कोणीही आज हयात नाही. त्यामुळे शाळेची म्हणून जी ‘आठवण’ सांगितली जाते ती शास्त्रीय अर्थाने स्मृती नसून शब्दज्ञान आहे, म्हणजे विश्वासार्ह व्यक्तीच्या, आप्ताच्या, कथनावरून मिळालेले ज्ञान. सावित्रीबाई शाळेत जाताना लोक चिखल-शेण फेकीत आणि म्हणून त्या बदलण्यासाठी एक साडी बरोबर नेत, ही सर्वश्रुत कथाही याच वर्गात मोडते. शब्दप्रमाणाचे बळ सांगणाऱ्याच्या आप्तत्वावर अवलंबून असते आणि पिढ्या उलटत जातात तसे ते तपासणे कठीण होते. अशा वेळी वास्तूला एक वेगळेच मोल येते, कारण ती कथनाबाहेरची असते. भिंत आत काय घडले ते सांगत नाही, हा आक्षेप खराच आहे; पण वर्ग भरला ती जागा किती मोठी होती, रस्त्यावरून ती किती दिसत होती, आणि सनातनी वस्तीच्या ऐन मध्यावर एका ब्राह्मण मालकाने आपले घर या कामाला देणे म्हणजे शेजाऱ्यांच्या नजरेत काय होते, या गोष्टींचे अनुमान करायला ती आधार देते. अनुमानातील अशा आधाराला लिंग म्हणतात. भिडे वाडा पूज्य होता की नाही यावर मतभेद होऊ शकतात; तो साक्षीदार होता हे मात्र नाकारता येणार नाही.

पूज्यतेच्या बाजूने पाहायचे तर बौद्ध परंपरेतील एक वर्गीकरण अधिक उपयोगी पडते, आणि बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्ध व कबीर यांच्याबरोबर फुल्यांनाही आपले गुरू मानले असल्यामुळे ते येथे परके नाही. चैत्य, म्हणजे आदराला पात्र वस्तू, तीन प्रकारचे मानले जातात: शारीरिक म्हणजे देहाचे अवशेष, पारिभोगिक म्हणजे त्या व्यक्तीने प्रत्यक्ष वापरलेल्या वस्तू, आणि उद्देशिक म्हणजे तिला उद्देशून नंतर घडवलेल्या प्रतिमा वा वास्तू. कालिंगबोधी जातकाच्या प्रास्ताविक कथेत आनंद बुद्धांना या प्रकारांविषयी विचारतो, तेव्हा उद्देशिक चैत्याला स्वतःचे अधिष्ठान नाही, तो केवळ मनावर अवलंबून आहे, असे सांगितले जाते आणि बोधिवृक्षाला, वापरलेली वस्तू या नात्याने, मान्यता मिळते. मग गयेच्या वृक्षाचे बीज आणून जेतवनात नवा वृक्ष लावला जातो. या दृष्टीने पाहता बुधवार पेठेत डिसेंबर 2023 मध्ये जे घडले ते एका पारिभोगिकाचे उद्देशिकात रूपांतर होते. नवी इमारत कितीही भव्य असली तरी तिच्यात सावित्रीबाई कधी पाऊल ठेवून गेल्या नाहीत.

हिंदू मंदिरशास्त्राला हे रूपांतर इतके खटकणार नाही. जीर्णोद्धारापूर्वी मूर्तीतील देवतातत्त्व मंत्रपूर्वक कलशात उतरवायचे, काम चालू असेपर्यंत ते तात्पुरत्या मंदिरात ठेवायचे आणि नव्या बांधकामात त्याची पुन्हा स्थापना करायची, असा विधी आगमग्रंथांत आहे. तत्त्व स्थलांतर करू शकते, म्हणून दगड बदलला तरी चालतो. मात्र ऐतिहासिक घटनेला असे कलशात उतरवता येत नाही, कारण घटना ज्या ठिकाणी आणि ज्या वस्तूंमध्ये घडली त्यांच्यापासून वेगळे असे तिचे तत्त्व काढता येत नाही.

या सगळ्यात सर्वांत अवघड साक्ष खुद्द जोतीरावांची आहे. त्यांच्या निधनानंतर 1891 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ या ग्रंथात ते सृष्टीच्या निर्मात्याला निर्मिक म्हणतात आणि मूर्तिपूजा, तीर्थयात्रा, मध्यस्थ पुरोहित यांना त्याच्या उपासनेत स्थान देत नाहीत. ज्याने तीर्थाची कल्पनाच नाकारली त्याच्या शाळेच्या जागेला तीर्थ करणे हा विरोधाभास अनुयायांनी आजवर फारसा मनावर घेतलेला नाही, आणि तो रागावून सोडवण्यासारखाही नाही, कारण ज्यांच्या पूर्वजांना मंदिराच्या दारापलीकडे जाता येत नव्हते त्यांनी एका पडक्या वाड्यापुढे हात जोडावेत यात भक्तीइतकाच हक्काचा उच्चार असतो. तरीही जोतीरावांच्या भूमिकेतून पाहिले तर वाड्याचा आदर करण्याची एकच सुसंगत रीत उरते: त्याला पवित्र न मानता पुरावा मानणे. सत्यशोधक समाज स्थापणाऱ्याच्या बाबतीत पुरावा जपण्याची निकड पूजेपेक्षा अधिक असायला हवी होती. शहराने मात्र वाडा उभा असताना त्याच्याकडे दुर्लक्ष केले आणि पूजेची सोय होईपर्यंत पुरावा खचू दिला.

याच शहरात दुसऱ्या दोन वास्तूंचे नशीब वेगळे निघाले. फुले दांपत्याचे राहते घर आज जतन केलेले आहे, आणि 1852 मध्ये सरकारने जोतीरावांचा जेथे जाहीर सत्कार केला तो, दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला विश्रामबागवाडाही उभा आहे. निवासाची आणि सन्मानाची जागा टिकली, कामाची गेली. तिच्याविषयीचे काही प्रश्न अजूनही मिटलेले नाहीत. शाळा सुरू झाली ते वर्ष सर्वमान्य असले तरी महिन्याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, आणि 1882 मध्ये हंटर आयोगापुढे फुल्यांनी दिलेले निवेदन, तत्कालीन वृत्तपत्रे आणि सरकारी कागद यांच्या आधारेच आता या शाळेविषयीचा प्रत्येक वाद लढवावा लागेल. बुधवार पेठेतल्या त्या भूखंडावर उद्या मुलींचा एखादा वर्ग खरोखर भरू लागला, तर जेतवनातल्या वृक्षाप्रमाणे वापराचे एक नवे नाते निर्माण होईल, आणि उद्देशिक व पारिभोगिक यांच्यातील सीमा तेथे थोडी पुसट होईल. तेथे केवळ पुतळा आणि दालने असतील तर जातकातला आक्षेप त्या इमारतीला जसाच्या तसा लागू पडेल.