दाता आणि भागीदार

मुंबईचें जे. जे. रुग्णालय १८४५ सालीं उघडलें. त्यासाठीं जमशेटजी जीजीभाई यांनीं १ लक्ष रुपये देऊं केले. सरकारनें तितकीच भर घालावी, ही त्यांची अट होती. त्या अटींत नफ्याचा वांटा नव्हता.

आज मोडकळीस आलेल्या सरकारी रुग्णालयांस खासगी भांडवलाची भागीदारी सुचविली जाते. ती सर्वस्वीं त्याज्य नव्हे. यंत्रें बंद पडलीं असतां नुसत्या तत्त्वांनीं रोगी बरा होत नाहीं. परंतु दाता देऊन बाजूस होतो; भागीदार हिशेब मागतो, आणि तो त्याचा हक्कच होय. म्हणून करारापूर्वीं एवढेंच विचारावें: रिकाम्या हातानें दाराशीं आलेल्या रोग्यास आंत घेण्याचा अधिकार कोणाकडे राहील? तो अधिकार विकला, तर इमारत सुधारेल. ‘सार्वजनिक’ हा शब्द मात्र पाटीवरच उरेल.