चार दिवस आणि एक रिठ

भाच्याचा पुण्याहून फोन आला. दिवाळीनंतर चार दिवस मोकळे आहेत, दोन मित्र सोबत आहेत, गाडी घरची आहे. ‘‘मामा, तुमच्याकडचं सगळं बसवा ना त्यात. किल्ले, देवळं, जंगल, ते डायनासोरचं पण.’’ मी हो म्हटलं. फोन ठेवला, मागच्या वर्षीच्या डायरीतलं एक कोरं पान फाडलं आणि व्हरांड्यात बसलो. चहा निवला तरी पान कोरंच.

सावलीत बसून असा बेत आखणं खरं तर सोपं असायला हवं. गाव रस्त्यावर आहे. पश्चिमेला पंधरा-सोळा किलोमीटरवर मूल आणि पुढे चंद्रपूर. पूर्वेला व्याहाड, मग वैनगंगेचा पूल, आणि पलीकडे गडचिरोली. येणारा-जाणारा जो तो सावलीवरून जातो, सावलीला मात्र कोणी येत नाही. अशा ठिकाणी राहणाऱ्याला एक सवय लागते. तो सगळ्या दिशांची अंतरं तोंडपाठ सांगतो आणि स्वतःच्या गावात पाहण्यासारखं काय, असं विचारलं की अडखळतो.

पहिला खर्डा दहा मिनिटांत झाला. पहिल्या दिवशी चंद्रपूरचा परकोट आणि भद्रावतीची विजासन लेणी. दुसऱ्या दिवशी मार्कंडा, तिसऱ्या दिवशी वैरागड, चौथ्या दिवशी सिरोंचा. मग खोडाखोड सुरू झाली. सिरोंचा गडचिरोलीपासून दोनशे किलोमीटरच्या घरात. जाऊन-येऊन अख्खा दिवस गाडीतच जायचा. शिवाय इथला दिवस पुण्याच्या दिवसाएवढा लांब नसतो, तो अंधार पडला की संपतो. सावली, मूल, ब्रह्मपुरीकडचे वाघ अभयारण्याची हद्द पाळत नाहीत. ते शेताला लागून असलेल्या रानात राहतात, आणि मोहफुलं वेचायला किंवा सरपणाला गेलेलं माणूस परत आलं नाही ही बातमी आम्हाला वर्षातून अनेकदा वाचावी लागते. ताडोब्यात वाघ दिसला नाही तर लोक पैसे वाया गेले म्हणतात. आमच्याकडे वाघ दिसला नाही तर दिवस बरा गेला म्हणतात. भाच्याच्या एका मित्राच्या आईने मुद्दाम फोन घेऊन विचारलं, ‘‘तिकडे सगळं सुरक्षित आहे ना हो?’’ मी म्हटलं, संध्याकाळी सहानंतर मोटरसायकलवर फिरू नका म्हणजे झालं. ती नक्षलवाद्यांविषयी विचारत होती हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

तरी अंतराचं आणि उजेडाचं कसंबसं जमवता येतं. काळाचं कसं जमवायचं? माझ्या व्हरांड्याखालचा खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुना. पश्चिमेला वरोऱ्याकडे गेलं की काळा पाषाण लागतो, तो लाव्ह्याचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मधे चंद्रपूरचा कोळसा. तो तयार झाला तेव्हा डायनासोर जन्मायचे होते. सिरोंच्याजवळ वडधमला दगड झालेली झाडं आणि हाडं सापडली, ती त्यानंतरची, ज्युरासिक काळातली. म्हणजे तिन्हीसांजेच्या आत परतायचं बंधन पाळून माणूस एका दिवसात शेकडो कोटी वर्षं मागेपुढे जाऊन येऊ शकतो, आणि गाडीच्या खिडकीतून त्याला दिसतात ती नुसती शेतं.

या भूभागाच्या नावाची गोष्ट तर अधिकच अजब. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अमलातल्या भूशास्त्रज्ञांनी इथल्या कोळशाच्या थरांना गोंडवाना हे नाव दिलं. पुढे 1885 मध्ये व्हिएन्नाच्या एडुआर्ड स्यूसने आफ्रिका आणि भारत जोडणाऱ्या प्राचीन भूखंडाला गोंडवानालँड म्हटलं; गोंडांचं वन या शब्दाला वर आणखी ‘लँड’ चिकटवलं. आज जगातला शाळकरी मुलगासुद्धा दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका एकेकाळी गोंडवानात होते असं शिकतो. ज्यांच्या नावाने अर्धी पृथ्वी ओळखली जाते त्या गोंडांचं चांद्याचं राज्य तर 1751 मध्येच नागपूरकर भोसल्यांनी गिळलं होतं. आता ते नाव उरलंय भूगोलाच्या पुस्तकात आणि गडचिरोलीच्या विद्यापीठावर. नकाशावर गोंडवाना नावाचा देश नाही. मी मात्र भाच्यासाठी बेत आखतोय तो त्याच देशातल्या प्रवासाचा.

चंद्रपूरला पडका किल्ला म्हणायला माझी जीभ रेटत नाही. परकोटाचा वेढा सुमारे अकरा किलोमीटरचा. चार दरवाजे: जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर, आणि पाच खिडक्या, त्यातली एक चोर खिडकी. वेशीवर हत्तीला लोळवणारा सिंह कोरलेला, ती गोंड राजांची खूण. खाली जटपुरा गेटच्या कमानीत ऑटो, दुधाच्या गाड्या, शाळेच्या बसेस एकमेकींना हॉर्न मारत असतात. कोटावर माजलेलं रान 2017 पासून इको-प्रो संस्थेच्या मुलांनी हातांनी काढलं. दरवाजातून अजून शहराला जावं लागतं, तेव्हा त्याला भग्नावशेष कसं म्हणायचं? नवऱ्याचं, बीरशहाचं, स्मारक बांधणारी राणी हिराई या कोलाहलात अजिबात अवघडली नसती असं मला वाटतं. दगड उभे राहावेत म्हणून बांधणाऱ्यांपैकी ती होती, लोकांनी पाहायला यावं म्हणून बांधणाऱ्यांपैकी नव्हे.

मार्कंड्याचं वेगळं. चामोर्शी तालुक्यात वैनगंगा एका ठिकाणी वळून उत्तरेकडे वाहू लागते. दक्षिणेकडे निघालेली नदी मागे वळून पाहते आहे, हे आपल्याकडे पवित्र होण्याला पुरेसं असतं. लहानपणी महाशिवरात्रीला आम्ही अलीकडच्या काठावरून डोंग्याने पलीकडे जायचो. आजीचा एक हात डोंग्याच्या काठावर आणि दुसरा माझ्या मानगुटीवर. तेव्हा शेकडो वर्षं जुनं शिल्प म्हणजे काय ते कळत नव्हतं. भिंतीवरच्या बायांच्या गळ्यातली माळ मण्यांसकट मोजता येते, एवढंच कळत होतं. मी एकदा सत्तावीसपर्यंत मोजले आणि पुढचे झिजलेले निघाले. अठराव्या शतकात मुख्य देवळाच्या शिखरावर वीज पडली असं सांगतात. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम 1873-74 च्या दौऱ्यात इकडे येऊन गेला. त्याच्या अहवालात मार्कंडाही आहे आणि भांदकही, म्हणजे आजची भद्रावती, जी त्याला चिनी यात्रेकरू ह्युएन त्संगच्या कोसलची राजधानी वाटली. त्याचं ते म्हणणं नंतर सगळ्यांनी मानलं नाही. पण मला त्याचा हेवा वाटतो तो वेगळ्या कारणाने. त्याच्याकडे चार दिवस नव्हते, सबंध हिवाळे होते.

वैरागडावर मी फार वेळ घालवणार नाही. कोट आहे, झाडी आहे, आणि आइन-ए-अकबरीत नोंदलेल्या हिऱ्यांच्या खाणीची आठवण आहे. हिरे संपले की गाव पुन्हा गाव होतं. दोन ओढ्यांच्या काठचं ते गाव तसं झालं, आणि त्याचं काही बिघडलं नाही.

पान इतकं भरलं आणि मग मला आठवली तलाठ्याकडची गावांची यादी. आमच्या जिल्ह्यात गावाच्या नावाला शेपट्या असतात: माल, चक, तुकूम, रिठ. बाहेरचा माणूस हे वाचून गोंधळतो. रिठ म्हणजे ओसाड गाव. हद्द आहे, महसुली नोंद आहे, सातबारा आहे, पण घर एकही नाही, दिवा नाही. कधी काळी पटकी आली असेल, कधी दुष्काळ, कधी वाघ. गेलं की आंब्याची चार झाडं दिसतात आणि शेंदूर पुसट झालेला मारुती. मार्कंड्याला पुरातत्त्व खात्याची निळी पाटी आहे. रिठीला पाटीही नाही, नुसता एक शब्द आहे. पण एखादा भाग किती वेळा वसला आणि किती वेळा उठला, हे तो शब्द कोणत्याही शिलालेखाहून मुकाट्याने सांगतो.

तुकूम हा त्याच्या नेमका उलटा शब्द. रान तोडून तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन, अशी गोंड राजांची सनद असे. ते गाव तुकूम. आता चंद्रपुरात तुकूम नावाची मोठी वस्ती आहे आणि तिथे राहणाऱ्या शंभरांतल्या नव्वदांना आपण एका तलावाच्या बक्षिसात राहतो हे माहीत नसावं. राजा जे बांधतो ते पडकं होतं, आणि राजा जे दुसऱ्याकडून बांधवून घेतो ते टिकतं की काय, असा एक खट्याळ विचार मनात येतो. परकोटाची डागडुजी थांबली की झाडं उगवतात. तलावाची डागडुजी थांबली तर पुढच्या रोवण्याला धानाच्या बांध्या कोरड्या राहतात, म्हणून ती थांबतच नसे. पाळीवरची माती दर पावसाळ्यापूर्वी गावच टाकायचं. (आमच्या झाडीबोलीत ळ नाही, म्हणून पाळीला इथे ‘पार’ म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, पिंपळाचा पार.)

डागडुजी थांबली ती मालगुजारी गेल्यावर. 1950 च्या सुमारास मालगुजार गेले ते बरंच झालं. वेठीला धरणारी माणसं होती ती. पण त्यांच्याबरोबर तलावाचं मालकपण सरकारकडे गेलं आणि माती टाकायचं काम कोणाचं, हे कागदावर विरघळलं. आता त्या तलावांना ‘माजी मालगुजारी’ म्हणतात, आणि थोडक्यात मामा तलाव. हे भाच्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो हसून म्हणाला, ‘‘म्हणजे तुमचेच की, मामा!’’ माझे कसले. आमच्या वाट्याला फक्त एका बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, खालची दीड एकर बांधी आली, तीही चौघा भावांत.

मोठं पाणी पाहायचं तर आमच्याच तालुक्यात इंग्रजी अमलातला आसोलामेंढा तलाव आहे. गोसीखुर्द धरणाचा उजवा कालवा आता त्यालाच येऊन मिळतो. पण मला दाखवायची आहे ती बोडी. देवधान उगवलेली, काठाला कमळाची पानं, ढिवराचं जाळं वाळत घातलेलं. पाळीला मधे एक भेग आहे. तिच्यात कोणीतरी सिमेंटची पोती ठासली होती. पोती सडली, सिमेंट तसंच पोत्याच्या आकाराचं राहिलं, शिवणीच्या खुणांसकट. हजार वर्षांनी कोणी पाहिलं तर त्याला इथली माणसं दगडाची पोती घडवत असत असं वाटेल.

आणि सावली? इथे 1936 साली गांधी सेवा संघाचं अधिवेशन भरलं होतं. खुद्द गांधीजी काही दिवस मुक्कामाला होते. खादीच्या कामासाठी तेव्हा या गावाचं नाव होतं. मांडव उठला, माणसं गेली, गाव पुन्हा रस्त्यावरचं गाव झालं. भाच्याला कुठे उभं करून सांगू, इथे? मांडवाची रिठ होत नाही, त्याची नोंद तलाठी ठेवत नाही.

शेवटचा कागद असा झाला. पहिला दिवस चंद्रपूर. दुसरा मार्कंडा, तोही सकाळच्या तिरप्या उन्हात, कारण दुपारी शिल्पं सपाट होतात. दुसऱ्या रात्री जवळपास कुठे झाडीपट्टीचं नाटक असेल तर ते. वडश्याच्या नाटकमंडळ्या दिवाळीनंतर बाहेर पडतात आणि प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. रात्री घरी परतायची पंचाईत नको म्हणूनच तो इतका लांबवत असावेत, असा माझा आपला तर्क. तिसरा दिवस बोडी. चौथा परतीचा, वाटेत भद्रावती. सिरोंचा आणि वडधम खोडलं, डायनासोर थांबतील. वैरागडाच्या पुढे प्रश्नचिन्ह.

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. संध्याकाळी त्याचा फोन आला.

‘‘मामा, तिसऱ्या दिवशी नुसतं ‘बोडी’ लिहिलंय. तिथे पाहायचं काय?’’

‘‘धान कापणी चालू असेल. सहाला उठा म्हणजे झालं.’’

‘‘आणि वाघ?’’

‘‘वाघ असला तर सातला.’’